मुंबईत प्लेग आलाय, हे महापालिकेत उभं राहून सांगणारे डॉ. व्हिएगस कोण होते?

पावसाळा सुरू झाला की चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या लोकांच्या मोबाईलवर महापालिकेच्या सूचना फिरायला लागतात. तुंबलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. पाणी उकळून प्या. ताप अंगावर काढू नका. काही आपत्ती आली तर १९१६ वर फोन करा.

बरेच जण हे मेसेज वाचतात आणि पुढे पाठवतात. काही जण न वाचताच पाठवतात. पण शहरात कोणता आजार पसरलाय, एवढं साधं सांगायलाही मुंबईत एकेकाळी कुणी पुढे येत नव्हतं. साल होतं १८९६. माणसं मरत होती, रोज नव्या घरातून प्रेतं निघत होती आणि सरकारी कागदांवर मात्र तापाचे सावध उल्लेख होते.

तेव्हा एका डॉक्टरने त्या आजाराचं नाव घेतलं. ते डॉक्टर होते आणि महापालिकेचे निवडून आलेले सदस्यही होते. त्यांचं नाव डॉ. अकॅसिओ गॅब्रियल व्हिएगस. धोबी तलावला मेट्रो सिनेमाच्या परिसरात त्यांचा पुतळा आहे. काळबादेवीजवळच्या कॅव्हेलमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे. रोज हजारो लोक तिथून जातात, पण हे डॉ. व्हिएगस कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

हडफडेचा मुलगा, मांडवीचा डॉक्टर

व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ चा. गाव गोव्यातल्या बार्देश तालुक्यातलं हडफडे. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि शिक्षणासाठी, नोकरीसाठी गोव्याची माणसं मुंबई गाठायची. माझगाव, धोबी तलाव, कॅव्हेल हे भाग गोंयकारांच्या वस्तीने भरलेले असायचे. व्हिएगस यांनीही हाच रस्ता धरला.

मुंबईत त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. जे. जे. हॉस्पिटलला जोडलेलं हे कॉलेज १८४५ साली सुरू झालं होतं आणि पश्चिम भारतातले पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले बहुतेक डॉक्टर तिथूनच तयार होत होते. १८८० साली व्हिएगस डॉक्टर झाले. मग त्यांनी मांडवीत प्रॅक्टिस सुरू केली.

मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला बाजार. धान्याची गोदामं, कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या, त्यांच्या वर चाळी आणि चाळींच्या मधून वाहणारी गटारं. जहाजातून उतरलेलं पोतं काही तासांत इथल्या गोदामात यायचं. पोत्यांबरोबर उंदीरही यायचे. अशा ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला माणसांच्या तब्येतीबरोबर त्यांची घरंही पाहायला मिळायची. किती अंधार आहे, किती ओल आहे, एका खोलीत किती जण झोपतात, हे त्याला रिपोर्ट वाचून कळायची गरज नव्हती.

डॉ. व्हिएगस महापालिकेतही गेले. १८८८ च्या कायद्याने मुंबई महापालिकेची नवी घडी बसली होती. एकूण ७२ सदस्य, त्यातले ३६ वॉर्डांमधून निवडून यायचे. अर्थात मत फक्त कर भरणाऱ्यांना होतं. कारभाराच्या चाव्या सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे होत्या. तरीही त्या सभागृहात शहराच्या माणसाला उभं राहून बोलता येत होतं. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

१८९६ ला मांडवीत नेमकं काय चाललं होतं?

१८९६ च्या पावसाळ्यात मांडवीत मृत्यू वाढायला लागले. जोराचा ताप, भ्रम, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आणि चार-पाच दिवसांत मृत्यू. गोदामांमध्ये मेलेले उंदीर सापडत होते, पण त्यांचा तापाशी संबंध जोडायला शास्त्र अजून तयार नव्हतं. उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं ते १८९८ मध्ये.

प्लेगचा जंतू मात्र सापडलेला होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा अलेक्झांडर येरसँ याने तो शोधून काढला होता. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यात जहाजांची सतत ये-जा होती. त्यामुळे मुंबईतला प्लेग त्याच मार्गाने आला असावा, असं मानलं जातं.

सप्टेंबरमध्ये डॉ. व्हिएगस यांनी मांडवीतले असे रुग्ण तपासले. गाठ पाहिली, ताप पाहिला, एकाच वस्तीत एकामागोमाग पडणारी माणसं पाहिली. त्यांचं निदान झालं. हा गाठीचा प्लेग आहे.

इतर कुठला डॉक्टर असता तर त्याने कदाचित हे आपल्या रुग्णाच्या नातेवाईकांना सांगितलं असतं आणि स्वतःच्या बायकापोरांना गावाला पाठवलं असतं. व्हिएगस यांनी ते महापालिकेच्या स्थायी समितीच्या बैठकीत सांगितलं. म्हणजे आता ती गोष्ट शहराच्या दप्तरी आली. ती कुणाला लपवता येणार नव्हती.

आजाराचं नाव घेणं इतकं अवघड का होतं?

आज वाटेल, की साथ आली तर सांगायचं, त्यात काय मोठं? पण तेव्हाची मुंबई समजून घ्यायला हवी.

मुंबई हे बंदर होतं. कापूस, सूत, धान्य, अफू, सगळं इथून जायचं. प्लेग हा शब्द ऐकला की युरोपातल्या बंदरांना सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वीची काळी साथ आठवायची. प्लेग जाहीर झाला म्हणजे मुंबईच्या जहाजांना परदेशी बंदरांत अडवलं जाणार, माल कुजणार, गिरण्या बंद पडणार. ही भीती खोटी नव्हती. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली ती याच प्लेगमुळे. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजंही थांबवावी लागली.

दुसरी भीती शहराच्या आतली होती. नाव ऐकून लोक पळाले तर? आणि त्यात सफाई कामगार पळाले तर? शहरातली मैला आणि कचरा उचलणारी माणसं गेली तर मुंबईत राहणंच अशक्य होईल, याची तेव्हाचे आयुक्त पी. सी. एच. स्नो यांना सगळ्यात जास्त धास्ती होती.

त्यामुळे निदान वादात सापडलं. व्यापाऱ्यांना ते नको होतं, अधिकाऱ्यांना ते गैरसोयीचं होतं. व्हिएगस चुकले असते तर शहराचं नुकसान करणारा डॉक्टर म्हणून त्यांचं नाव कायमचं खराब झालं असतं. प्रॅक्टिस त्याच मांडवीत होती, जिथल्या व्यापाऱ्यांच्या धंद्यावर या बातमीचा थेट परिणाम होणार होता.

मग इतर तज्ज्ञांकडून तपासणी झाली. त्यात कलकत्त्याहून बोलावलेले वाल्डेमार हाफकिन हेही होते. निदान बरोबर निघालं.

नाव कळल्याचा फायदा काय झाला?

पहिला फायदा म्हणजे वेळ मिळाला. हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करायला छोटीशी जागा मिळाली आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी तीनेक महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्याच नावाची हाफकिन इन्स्टिट्यूट आज परळला उभी आहे.

आजाराचं निदान आणखी दोन महिने लांबलं असतं, तर लसही तेवढीच लांबली असती. साथीच्या काळात दोन महिन्यांचा हिशोब माणसांमध्ये करावा लागतो.

दुसरा फायदा म्हणजे अस्वच्छतेकडे लक्ष गेलं. व्हिएगस यांनी वस्त्यांच्या सफाईचा आणि उंदीर मारण्याचा आग्रह धरला. गटारं धुणं, चुन्याने भिंती रंगवणं, अंधाऱ्या खोल्यांना उजेड देण्यासाठी छपराची कौलं काढणं, अशी कामं शहरभर सुरू झाली. यातले सगळे उपाय नंतर शास्त्राच्या कसोटीवर टिकले नाहीत. पण रोगाचा संबंध घराशी आणि वस्तीशी आहे, ही गोष्ट शहराच्या डोक्यात शिरली.

मग लोक चिडले का?

इथे गोष्टीला दुसरी बाजू आहे.

६ ऑक्टोबर १८९६ ला आयुक्त स्नो यांनी नोटीस काढली. प्लेगच्या रुग्णाला सक्तीने हॉस्पिटलात हलवण्याचे अधिकार पालिकेने स्वतःकडे घेतले. म्हणजे पालिकेने लोकांना पहिल्यांदा काही सांगितलं, तेच घरातला माणूस उचलून नेण्याच्या भाषेत.

तेव्हाच्या सामान्य माणसासाठी हॉस्पिटल ही मरायची जागा होती. तिथे जात-पात पाळली जात नाही, बायकांना परके पुरुष हात लावतात, मेलेल्यांची चिरफाड होते, असे समज होते. बाजारात अफवांना ऊत आला. २९ ऑक्टोबरला सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी आयुक्तांना आपला हुकूम सौम्य करावा लागला.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. लोक रुग्ण लपवायला लागले. माळ्यावर, मागच्या खोलीत, कपाटाआड. मृत्यूचं कारण काहीतरी वेगळंच सांगितलं जायचं. जे पळू शकत होते ते पळाले. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरातले जवळपास निम्मे लोक बाहेर पडले होते. त्यांच्याबरोबर प्लेगही कोकणात, पुण्यात, देशावर गेला.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. मार्चमध्ये मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली गेली. पुण्यात रँड यांच्या कमिटीने घरोघर केलेल्या झडत्यांमुळे उसळलेला राग आणि २२ जून १८९७ ला चापेकरांनी त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या, हा इतिहास महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. त्याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली.

म्हणजे व्हिएगस यांनी सांगितलेलं सत्य बरोबर होतं. शहराला ते वेळेवर मिळालं होतं. पण ते लोकांपर्यंत पोहोचलं ते शिपायाच्या दंडुक्याबरोबर, आणि लोकांनी सत्यालाही दार लावून घेतलं.

डॉक्टर ओळखीचा असला की काय होतं?

लसीच्या बाबतीत वेगळं घडलं. हाफकिन यांची लस सक्तीची नव्हती. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी, असा मामला होता. ताप यायचा, हात दोन दिवस सुजायचा. तरीही लोक पुढे आले, कारण त्यांच्या विश्वासातली माणसं पुढे आली. आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली आणि खोजा समाजात लसीकरणाने वेग घेतला.

डॉ. व्हिएगस यांनीही स्वतःच्या हाताने हजारो मुंबईकरांना लस टोचली. स्थायी समितीत बोलून ते घरी बसले नाहीत. ज्या साथीत पैसेवाले शहर सोडून जात होते, त्या साथीत ते रुग्णांमध्ये फिरत राहिले. त्यांच्याकडे लोक आले याचं कारण सरळ होतं. गेली दीडेक दशकं हाच माणूस त्यांच्या खोकल्यापडशाला औषध देत होता.

सरकारही हळूहळू शिकलं. १८९८ च्या दंगलीनंतर सक्ती कमी झाली. लोकांना घरच्या माणसांसोबत राहता येईल अशी, वेगवेगळ्या समाजांची स्वतःची हॉस्पिटलं चालवायला परवानगी मिळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांच्या काळात बॉम्बे सॅनिटरी असोसिएशन उभी राहिली. स्वच्छता, क्षय, मलेरिया यांवर लोकांना समजावून सांगणं हे तिचं काम. मॅजिक लँटर्नवर चित्रं दाखवत वस्त्यांमध्ये व्याख्यानं व्हायची. आजच्या आरोग्य खात्याच्या व्हिडिओंची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

यात चेंबूर कुठून आलं?

१८९६ मध्ये चेंबूर मुंबई शहरात नव्हतं. ठाणे जिल्ह्यातलं ते एक गाव होतं. शेती, मिठागरं, खाडी आणि गावठाण. शहरातून पळालेली माणसं उपनगरांतल्या अशाच गावांकडे आली होती आणि प्लेगही आला होता. वांद्र्यापासून साष्टीतल्या अनेक ईस्ट इंडियन वस्त्यांमध्ये प्लेगपासून रक्षण व्हावं म्हणून लोकांनी क्रूस उभारले. त्यातले काही आजही गल्ल्यांच्या तोंडाशी दिसतात.

प्लेगने मुंबईच्या नियोजनाची दिशा बदलली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे आणि शहराला उत्तरेकडे हवेशीर जागा द्यायची, हे त्याचं काम. आणि शहर स्वच्छ ठेवायचं तर शहराची घाण कुठेतरी बाहेर न्यावी लागते.

१९०६ साली कुर्ला ते चेंबूर एकेरी रेल्वेमार्ग टाकला गेला. तो माणसांसाठी नव्हता. कचऱ्याच्या गाड्यांसाठी होता. प्रवाशांना त्या मार्गावरून जाता आलं ते १९२४ मध्ये, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी. १९२७ पासून देवनारला कचरा टाकायला सुरुवात झाली. आज हार्बर लाईनवर चेंबूरला उतरणाऱ्या माणसाच्या पायाखालच्या रुळांचा जन्म असा आहे.

योगायोग असा, की त्याच १९०६ साली डॉ. व्हिएगस मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आजच्या भाषेत महापौर. आदल्या वर्षी हे पद फिरोजशहा मेहता यांच्याकडे होतं. या पदावर बसणारे व्हिएगस हे पहिले भारतीय ख्रिश्चन. दहा वर्षांपूर्वी ज्या सभागृहाला त्यांचं बोलणं अडचणीचं वाटलं होतं, त्याच सभागृहाने त्यांना अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं.

डॉ. व्हिएगस १९३३ मध्ये वारले. प्लेगमधून जन्मलेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टही त्याच वर्षी महापालिकेत विलीन झाला. तोपर्यंत देशभरात प्लेगने एक कोटीहून जास्त माणसांचा जीव घेतला होता.

आज ही गोष्ट का माहीत हवी?

कारण त्यातले बरेच प्रश्न अजून शिल्लक आहेत, आणि काही तर चेंबूरच्या आसपासच आहेत.

१८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये कोविडसाठी पुन्हा वापरला गेला. कोविडच्या पहिल्या काही महिन्यांत रुग्ण सापडलेल्या इमारतीत जे वातावरण असायचं, ते आठवून पाहा. ॲम्ब्युलन्स दारात येईल, शेजारी काय म्हणतील, या भीतीने ताप लपवणारी माणसं तेव्हाही होती.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. लस होती, मोफत होती, दवाखाने होते. तरी अनेक मुलांचे डोस राहिले होते. तेव्हा पालिकेने वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना आणि मौलवींना हाताशी धरलं. आगाखानांच्या वेळी जे उपयोगी पडलं होतं, तेच सव्वाशे वर्षांनी पुन्हा करावं लागलं.

लेप्टोचंही तसंच आहे. हा आजार उंदीर आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. वेळेत औषध घेतलं तर टाळता येतो. म्हणून तो ७२ तासांचा मेसेज. तो वाचून कुणी डॉक्टरकडे गेलं तरच त्याचा उपयोग. आणि जायला जवळ दवाखाना हवा, एक दिवसाचा खाडा परवडायला हवा. पालिकेने सूचना काढली म्हणजे पालिकेचं काम संपलं, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

नागरिकांच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. आपल्या गल्लीत एकाच आठवड्यात चार जणांना सारखाच ताप आला, तर ते सगळ्यात आधी गल्लीतल्या माणसांना आणि तिथल्या डॉक्टरला कळतं. वॉर्ड ऑफिसला ते कुणीतरी कळवावं लागतं. १८९६ मध्ये ते मांडवीतल्या एका दवाखान्यातून कळलं होतं, कारण तिथल्या डॉक्टरने धंद्याचा आणि लोकांच्या रागाचा विचार बाजूला ठेवला होता.

पुढच्या वेळी मेट्रो सिनेमाच्या सिग्नलला गाडी थांबली, तर त्या पुतळ्याखालचं नाव एकदा वाचा. मुंबईत आरोग्याची पहिली खरी सूचना याच माणसाने दिली होती.